वर्षाचे वचन आणि वचन देणारा देव

वाचन : यिर्मया २९:१–१४, निर्गम ३४:१–९, विलापगीत ३:१९–२६



नवीन वर्ष उजाडते तेव्हा आमच्या शहपुऱ्यात मटाराचा हंगाम भरात असतो. जबलपूर जिल्ह्याचा हा भाग हिरव्या मटारासाठी ओळखला जातो. पहाटे शेतात तोड सुरू होते आणि दुपारपर्यंत पोत्यांनी भरलेल्या गाड्या रस्त्याला लागतात. आवक कमी असली तर भाव मिळतो. सगळ्यांचा माल एकदम आला की भाव पडतो. त्यामुळे इथल्या माणसाला नवीन वर्ष म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. पीक डोळ्यांसमोर उभे असते, पण त्याचे काय होणार हे हातात नसते.

३१ डिसेंबरच्या रात्री आपल्या अनेक मंडळ्यांत आणि घरगुती संगतींत एक प्रथा असते. उपासना संपत आली की एका ताटात किंवा टोपलीत छोट्या चिठ्ठ्या ठेवतात. प्रत्येक चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातील एक वचन असते. प्रार्थना करून एकेकाने चिठ्ठी उचलायची. ते त्याचे वर्षाचे वचन. आमच्याही संगतीत असेच होते. कोणी ती चिठ्ठी पाकिटात ठेवतो, कोणी देवघराप्रमाणे जपलेल्या कोपऱ्यात चिकटवतो, कोणी स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फळीवर लावतो.

या वेळी ताट फिरत फिरत एका बहिणीसमोर आले. तिने चिठ्ठी उचलली नाही. पर्समधून जुनी, घडी पडलेली एक चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "भाऊ, हे गेल्या वर्षीचं वचन. आधी याचं काय झालं ते सांगा, मग नवीन घेते."

चिठ्ठीवर यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातील ११ वे वचन होते. आपल्यापैकी बहुतेकांना ते पाठ आहे. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, तो आपल्याला आशा देणार आहे, असा त्याचा आशय. आणि त्याच वर्षी, पावसाळ्यात, या बहिणीचे यजमान आठ दिवसांच्या आजारात गेले होते.

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. मी फक्त म्हटले, "ताई, मला थोडा वेळ द्या." हा पाठ म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे. तो तुमच्यासमोर ठेवतो, कारण असा प्रश्न मनात घेऊन नवीन वर्षात आलेली ती एकटीच नसेल. कदाचित तुमच्याही पाकिटात अशी एखादी चिठ्ठी असेल.

१. ते पत्र कोणाला लिहिले होते?

वचनाचा अर्थ समजून घ्यायचा तर आधी ते कोणाला, कोणत्या परिस्थितीत सांगितले हे पाहावे लागते. यिर्मयाचा २९ वा अध्याय हे एक पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलास धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवले. राजा गेला होता, राजमाता गेली होती, दरबारी गेले होते. सुतार आणि लोहारसुद्धा नेले होते. ज्यांच्या हातात कसब होते ती माणसेच शहरातून उचलून नेली होती.

या पत्राच्या आधीचा, २८ वा अध्यायही आवर्जून वाचा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळे ठीक होईल, मंदिराची पात्रे परत येतील, माणसे परत येतील. लोकांना हेच ऐकायचे होते. पण देवाने त्याला पाठवलेच नव्हते.

यिर्मयाचे पत्र मात्र निराळे आहे. घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा. लग्ने करा, लेकरांची लग्ने करा. ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आणि मग १० व्या वचनात मुदत येते : सत्तर वर्षे. आपण चिठ्ठीवर लिहितो ते ११ वे वचन या सत्तर वर्षांच्या लगेच पुढे आहे.

थोडा हिशेब करा. पत्र ऐकताना ज्याचे वय तीस होते, तो सत्तर वर्षांनी कुठे असणार? पत्र ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण बाबेलातच मरण पावले असतील. त्यांनी यरुशलेम पुन्हा पाहिले नाही. मग त्यांच्यासाठी ते वचन खोटे होते का? नाही. देवाने त्यांना असे सांगितलेच नव्हते की, "येत्या वर्षात तुमचे काही वाईट होणार नाही." त्याने सांगितले की त्यांच्याविषयी काय करायचे हे त्याला ठाऊक आहे, त्याने त्यांना टाकलेले नाही, आणि परक्या देशातही त्यांनी त्याला मनापासून शोधले तर तो त्यांना सापडेल. १२ ते १४ ही वचने हेच सांगतात.

हनन्याच्या संदेशात मुदत जवळची होती, पण त्यामागे देव नव्हता. यिर्मयाच्या संदेशात मुदत लांबची होती, पण त्यामागे देव होता. आपल्याला यातून निवड करावी लागते.

चिठ्ठी काढण्यात पाप आहे असे मी म्हणत नाही. देवाचे वचन कोणत्याही रीतीने घरात आले तरी ते चांगलेच. पण आपण ती चिठ्ठी कशी वाचतो हे तपासले पाहिजे. वर्तमानपत्रातले वार्षिक राशिभविष्य वाचणे आपण सोडले, आणि तीच सवय वचनाच्या चिठ्ठीला लावली, असे तर झाले नाही ना? भविष्य वाचणारा विचारतो, "यंदा माझे काय होणार?" वचन वाचणाऱ्याने विचारायचे असते, "हे बोलणारा कोण आहे?"

२. देवाने स्वतःची ओळख कशी करून दिली?

हा दुसरा प्रश्न मोशेने विचारला होता. निर्गमाच्या ३३ व्या अध्यायात तो देवाला म्हणतो की मला तुझे वैभव दाखव. ३४ व्या अध्यायात देव त्याला उत्तर देतो. आणि तो काय करतो? पुढच्या चाळीस वर्षांचा नकाशा देत नाही. वाटेत पाणी कुठे लागेल, शत्रू कुठे भेटतील, कोण किती जगेल, यातले काहीच सांगत नाही. तो आपले नाव उच्चारतो आणि आपला स्वभाव सांगतो. अरण्यात निघालेल्या माणसासाठी देवाला हेच सर्वांत गरजेचे वाटले.

ही घटना केव्हा घडली तेही लक्षात घ्या. सोन्याच्या वासराचे पाप नुकतेच झाले होते. पहिल्या दगडी पाट्या फुटल्या होत्या. मोशे दुसऱ्या पाट्या घेऊन डोंगरावर चढला होता. म्हणजे देवाने आपली ओळख करून दिली ती चांगले वागलेल्या लोकांना बक्षीस म्हणून नव्हे; ज्यांनी करार मोडला होता त्यांना ती करून दिली. गेल्या १ जानेवारीला केलेले संकल्प मोडून जे या वर्षात आले आहेत, त्यांनी हे मनात ठेवावे. पाट्या दुसऱ्यांदा लिहून देणारा हा देव आहे.

त्या ६ व्या आणि ७ व्या वचनांत देव स्वतःविषयी जे सांगतो ते आपण एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट, तो दयाळू आणि कृपाळू आहे. दयेसाठी जो इब्री शब्द तिथे आहे त्याचे नाते आईच्या उदराशी, गर्भाशयाशी आहे. मूल रडले की आईच्या पोटात जे तुटते, त्या जातीची ही दया. आपले दुःख पाहून देव कोरडा राहत नाही. लाजराच्या कबरेपाशी, त्याला उठवणार हे ठाऊक असूनही, प्रभू येशू रडला. उत्तर जवळ असूनही तो आधी आपल्या अश्रूंत सहभागी होतो.

दुसरी गोष्ट, तो मंदक्रोध आहे. म्हणजे त्याचा राग लवकर पेटत नाही. आपल्याला काही वाईट घडले की पहिला विचार येतो : देव माझ्यावर रागावला असेल, कोणत्या तरी चुकीची शिक्षा असेल. कधी कधी आपल्यातलेच लोक सांत्वनाला येऊन हेच सुचवून जातात. ईयोबाच्या मित्रांनी तसे केले, आणि शेवटी देवाने त्या मित्रांनाच खडसावले. प्रत्येक दुःखाच्या मागे देवाचा राग शोधणारा माणूस देवाला ओळखत नाही.

तिसरी गोष्ट, तो प्रेमाने आणि सत्याने भरलेला आहे. इथे कराराच्या प्रेमाची गोष्ट आहे. भावना ओसरली तरी हे प्रेम टिकते. त्याने शब्द दिला म्हणून तो पाळतो. आपण विश्वासू नसलो तरी तो विश्वासू राहतो, असे पौल तीमथ्याला लिहितो, ते याच ओळखीवरून.

चौथी गोष्ट, तो न्यायी आहे. पापाकडे तो कानाडोळा करत नाही. हा भाग आपल्याला जड जातो, पण तो नसता तर बाकीच्या गोष्टींनाही अर्थ उरला नसता. अन्याय झालेल्या विधवेला आणि अनाथाला केवळ मवाळ देव पुरणार नाही. त्यांना न्याय करणारा देव हवा. वधस्तंभावर आपण ही दया आणि हा न्याय एकत्र आलेले पाहतो.

प्रियजनहो, वर्ष बदलते. कॅलेंडर बदलते. पायाखालची जमीनसुद्धा हलते. जबलपूरकरांना २२ मे १९९७ ची पहाट आठवते. लोक झोपेत असताना, चार वाजून गेल्यावर, भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ५.८ होती. नर्मदेच्या खोऱ्यातली ही जमीन पक्की आहे असे मानून चालणाऱ्यांची घरे काही क्षणांत पडली, माणसे दगावली. ज्यांनी तो हादरा अनुभवला त्यांना ४६ वे स्तोत्र समजावून सांगावे लागत नाही. पृथ्वी हलली, डोंगर समुद्रात कोसळले तरी देव आपला आश्रय आहे, असे ते स्तोत्र म्हणते. जमीन हलणारच नाही असा शब्द ते देत नाही. ती हलेल तेव्हा कुठे जायचे ते सांगते. मलाखी ३:६, याकोब १:१७ आणि इब्री १३:८ ही तीन वचने शेजारी ठेवून वाचा. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट आहे : तो बदलत नाही.

३. एका मराठी बाईची साक्ष

आता कोणी म्हणेल, हे सगळे ऐकायला बरे, पण ज्याचे गेले त्याला कळते. खरे आहे. म्हणून जिचे जवळजवळ सगळे गेले अशा एका बाईकडे पाहू. पंडिता रमाबाई आपल्या सर्वांना माहीत आहेत. पण त्यांचे आयुष्य भरवशाच्या बाजूने पुन्हा पाहण्यासारखे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने रमाबाईंना. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर फिरत असे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने उपासमारीने व आजाराने गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, आणि १८८२ मध्ये पतीही वारले. हातात लहानगी मनोरमा. तेव्हा रमाबाईंचे वय तेवीस होते.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या एक प्रामाणिक गोष्ट सांगतात. बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. प्रत्यक्ष ख्रिस्त त्यांना काही वर्षांनी भेटला. शिकवण पटणे वेगळे आणि शिकवणाऱ्याची ओळख होणे वेगळे, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून लिहिले. वचन आणि वचन देणारा यांच्याविषयी आपण जे बोलत आहोत, ते हेच.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. सदनाला अमेरिकेतील मित्रांची मदत होती, पण ती दहा वर्षांच्या मुदतीची होती. मुदत संपल्यावर पुढे काय, या विचाराने रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली. विश्वास ठेवणारी माणसे नियोजन करत नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी ही झाडे आठवावीत. बाबेलातल्या लोकांनाही देवाने बागा लावायलाच सांगितले होते.

आणि मग १८९६–९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात तो फार भयंकर होता. जबलपूर जिल्ह्यालाही त्याची मोठी झळ बसली. पुण्यात बातम्या आल्या. रमाबाईंच्या समोर दोन गोष्टी होत्या. एकीकडे हातातल्या पैशांचा हिशेब, आणि बाहेरची मदत संपत आलेली. दुसरीकडे स्वतःची आठवण : दुष्काळात मुलीचे काय होते हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, भोगले होते. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. मदत-छावण्यांतून, अनाथ मुलींमधून वाट काढत फिरल्या, आणि सुमारे ३०० मुली व तरुण विधवा घेऊन परतल्या.

इथे थांबून विचार करा. रमाबाईंच्या घरचा दुष्काळ सरला तो घर संपवूनच. त्यांच्या आईवडिलांना भाकर मिळाली नाही. "देव त्या वेळी कुठे होता?" हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला असेल तर त्यांना होता. आपल्या लोकांना तेव्हा का वाचवले नाही याचे उत्तर त्यांना मिळाले असे कुठे दिसत नाही. पण देव कसा आहे हे त्यांना कळले होते. तो अनाथांचा बाप आहे, हे ६८ व्या स्तोत्रातले सत्य त्यांनी मानले आणि त्याप्रमाणे वागल्या. देव ज्यांच्याकडे पाहतो, त्यांच्याकडे त्या गेल्या.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले का? नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. एवढ्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. त्यांना केडगावच्या मोकळ्या शेतावर न्यावे लागले. फळझाडांसाठी घेतलेली ती जमीन मुलींचे घर झाली. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आल्या आणि मुक्तीतल्या माणसांची संख्या दीड हजाराच्या वर गेली. अडचण म्हणून घ्यावा लागलेला मार्गच काम वाढण्याचा मार्ग ठरला. ते काम आजही केडगावला चालू आहे.

शेवटचे दुःख अजून बाकी होते. जिच्या हाती काम सोपवायचे ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा साठीच्या पुढे होत्या, थकल्या होत्या. तरी इब्री आणि ग्रीक भाषा शिकून सुरू केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. मुलीच्या मृत्यूनंतरचे महिने त्यांनी देवाच्या शब्दांजवळ बसून काढले.

रमाबाईंच्या आयुष्यातून कोणी "विश्वास ठेवला की नुकसान होत नाही" असा धडा काढू शकणार नाही. धडा निघतो तो असा : नुकसान झाले तरी देवाचा स्वभाव बदलत नाही, आणि तो स्वभाव ओळखलेला माणूस स्वतःच्या दुःखातूनही दुसऱ्याच्या दाराशी जाऊ शकतो.

४. मग या वर्षी भरवसा ठेवायचा म्हणजे काय करायचे?

भरवसा ही मनात धरून बसायची भावना नाही. ती रोजची कृती आहे. चार गोष्टी सुचवतो.

एक दिवसाचे घ्या. निर्गमाच्या १६ व्या अध्यायात मान्ना रोज पडत असे. ज्यांनी उद्यासाठी साठवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. देवाने वर्षाची शिधासामग्री एकदम दिली नाही, कारण त्याला लोकांनी रोज आपल्याकडे यायला हवे होते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण आजची भाकर मागतो. १ जानेवारीला ३१ डिसेंबरपर्यंत पुरेल एवढे बळ मागू नका. आजचे मागा. यिर्मयाच्याच काळातल्या उद्ध्वस्त यरुशलेमेविषयी लिहिलेल्या विलापगीतात, जळालेल्या शहरासमोर बसून लिहिणारा म्हणतो की देवाची दया रोज सकाळी नवी असते. त्याने वर्षाचे नव्हे, सकाळचे नाव घेतले.

योजना करा, पण मुठीत आवळू नका. याकोब ४:१३–१५ मधले व्यापारी वर्षभराचा बेत करतात : अमुक शहरी जाऊ, व्यापार करू, नफा मिळवू. याकोब बेत करण्याला दोष देत नाही. प्रभूची इच्छा असेल तर, एवढे शब्द त्या बेतात नाहीत, हे तो दाखवतो. मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज, शेतातली पेरणी यांचे नियोजन जरूर करा. केडगावची झाडे लावाच. त्यांच्या सावलीत कोण बसेल हे मात्र देवावर सोपवा.

दुःख झाले तर देवासमोर रडा. १३ वे स्तोत्र "किती वेळ?" या प्रश्नाने सुरू होते आणि तो प्रश्न चार वेळा येतो. पवित्र शास्त्राने तो पुसून टाकला नाही. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याकडे कोणी तक्रार घेऊन जात नाही. म्हणून प्रार्थनेत खरे बोला. सभेत हसून "प्रभूची स्तुती असो" म्हणायचे आणि घरी देवाशी बोलणेच सोडायचे, यात भरवसा नाही.

आठवणीचे दगड ठेवा. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा दगड उचलायला लावले. पुढे लेकरे विचारतील, हे दगड कसले? तेव्हा त्यांना सांगायचे होते. एक साधी वही घ्या. महिन्यातून एकदा दोन ओळी लिहा : या महिन्यात देवाने काय दिले, आणि कशात सांभाळले. जे मागूनही मिळाले नाही तेही लिहा. वर्षाच्या शेवटी चिठ्ठी खरी ठरली का हे तपासण्याऐवजी ती वही वाचा.

५. त्या बहिणीकडे पुन्हा

चार दिवसांनी आम्ही त्या बहिणीच्या घरी गेलो. यिर्मयाचे पत्र तिच्यासोबत सुरुवातीपासून वाचले. सत्तर वर्षांपाशी ती थांबली. म्हणाली, "हे चिठ्ठीवर नव्हतं." मी म्हटले, "नव्हतं, ताई. चूक आमची आहे. आम्ही तुम्हाला एकच वचन दिलं, पूर्ण पत्र दिलं नाही."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की यजमान गेल्यापासून एक विचार सारखा छळत होता : आपला विश्वास कमी पडला म्हणून वचन पुरे झाले नाही. हे ऐकून मला जास्त वाईट वाटले. दुःख तर तिला झालेच होते. त्यावर हा दोषही ती सहा महिने एकटी वाहत होती, आणि आम्ही दर आठवड्याला तिच्या शेजारी बसून गाणी गात होतो.

निघताना तिचा मटार दिसला. तोडीला आला होता आणि मजूर मिळत नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे संगतीतले आम्ही आठ जण शेतात गेलो. दुपारपर्यंत जेवढे झाले तेवढे तोडले. भाव फार चांगला मिळाला नाही. पण तिने मला सांगितले की त्या दिवशी तिला वाटले, देवाने तिला सोडलेले नाही. पवित्र शास्त्र म्हणते की तो विधवांचा कैवारी आहे. तो कैवार बहुतेक वेळा माणसांच्या हातापायांनी घरी येतो. रूथसाठी तो बवाजाच्या शेतात आला होता. म्हणून तुमच्या मंडळीत गेल्या वर्षी ज्यांचे काही गेले, त्यांच्याकडे या जानेवारीत वचनाबरोबर स्वतःही जा.

तिने नवीन चिठ्ठी घेतली का? घेतली, पुढच्या आठवड्यात. आणि आम्ही संगतीत ठरवले की यापुढे चिठ्ठीच्या मागे अध्यायाचा क्रमांक मोठा लिहायचा, आणि जानेवारीत प्रत्येकाने आपल्या वचनाचा पूर्ण अध्याय घरच्यांबरोबर वाचायचा.

संगतीत चर्चेसाठी

१. गेल्या वर्षी तुम्हाला मिळालेले वचन कोणते होते? ते ज्या अध्यायात आहे तो पूर्ण वाचा. ते मुळात कोणाला सांगितले होते?

२. निर्गम ३४:६–७ मधील देवाचा कोणता गुण मानणे तुम्हाला सर्वांत कठीण जाते? का?

३. एखाद्या दुःखाला तुम्ही देवाचा राग किंवा स्वतःच्या विश्वासाची कमतरता समजला आहात का? संगतीत कोणाला असे ओझे वाटत असेल तर त्याच्यासाठी थांबून प्रार्थना करा.

४. या महिन्यात तुमच्या संगतीने कोणाच्या घरी जायला हवे? नाव आणि दिवस आजच ठरवा.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, या वर्षात आमच्यापुढे काय आहे ते आम्हाला दिसत नाही, पण तू कसा आहेस ते तू आम्हाला दाखवले आहेस. तुझ्या वचनातून आम्ही आपल्या सोयीचे तेवढे घेतले असेल तर आम्हाला क्षमा कर. ज्यांनी गेल्या वर्षी आपले माणूस, आपली नोकरी, आपले पीक किंवा आपली उमेद गमावली, त्यांच्या जवळ राहा, आणि त्यांच्याकडे जायला आम्हाला पाय दे. आजच्या दिवसापुरते बळ आज दे. उद्या सकाळी आम्ही पुन्हा तुझ्याकडे येऊ. प्रभू येशूच्या नावात मागतो. आमेन.